खूण दिली की आठवतं: एकाहत्तराव्या वर्षीच्या विस्मरणाचं एक प्रकरण

पुढे दिलेलं प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. स्मृती-तपासणीत वारंवार भेटणाऱ्या एका ठरावीक चित्रावरून ते बांधलं आहे, आणि आकडे त्या चित्राला साजेसे घेतले आहेत. संशोधनाचे उल्लेख मात्र जसे आहेत तसेच आहेत.

वय ७१, शिक्षण जुनी अकरावी, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. मुलगा, सून आणि नातवासोबत राहतात. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षं चालू आहे. तक्रार दीड वर्षाची. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांची नावं राहत नाहीत. बाजारातून पाच वस्तू आणायला गेल्या तर तीन येतात. सकाळची गोळी घेतली की नाही याची खात्री नसते, आणि दोनदा ती दुबार घेतली गेली. स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आलो ते आठवत नाही. दुसरीकडे अभंग आणि आरत्या तोंडपाठ आहेत, बँकेचे व्यवहार स्वतः करतात, रस्ता कधी चुकलेल्या नाहीत. घरच्यांचा प्रश्न सरळ होता: हा अल्झायमर आहे का, आणि नसेल तर काही शिकवून फरक पडेल का?

आधी काय दुरुस्त केलं

शिकवण्याआधी ज्या गोष्टी नुसत्या उपचारानं सुटतात त्या बाजूला काढाव्या लागतात. बी-१२ ची पातळी मिलिलिटरला १७८ पिकोग्रॅम निघाली, म्हणजे कमीच. शाकाहार आणि मेटफॉर्मिन एकत्र आले की हे हमखास दिसतं. थायरॉइड ठीक होतं. रक्तदाब १५८/९२. नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या चाचणीत ३ गुण, म्हणजे चिंतेचं कारण नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट औषधांच्या पिशवीत सापडली: रात्री अंगाला खाज येते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी, रोज एक. हे औषध मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या कामात अडथळा आणतं, आणि नवी आठवण घडवायला तेच रसायन लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या विस्मरणाची चौकशी करताना डॉक्टरांची चिठ्ठी वाचून थांबू नये, घरात असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून पाहाव्यात. सर्दी, खाज, झोप, लघवीचा त्रास यांवरच्या बऱ्याच गोळ्या याच जातीच्या असतात.

गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं बदलली, बी-१२ सुरू झालं, रक्तदाब १३२/८० वर आला. ऐकण्याची तपासणी केली तर वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. यानंतर तीन महिने थांबूनच स्मृतीची पायाभूत मोजणी केली. घाई करून उपचार आणि प्रशिक्षण एकदम सुरू केलं असतं, तर सुधारणा कशामुळे झाली हे नंतर कुणालाच सांगता आलं नसतं.

मोजणीत काय दिसलं

मोका या आकलनक्षमतेच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २४ (बारा वर्षांपेक्षा जास्त शिक्षण नसल्याचा एक वाढीव गुण धरून). या आकड्यावरून फारसं कळत नाही. खरी माहिती मिळाली १६ शब्दांच्या यादीतून. चार गट, प्रत्येकी चार शब्द, पण गट न सांगता मिसळून वाचलेले: मेथी, रिक्षा, परात, टोपी, सुरण, होडी अशा क्रमानं. ऐकण्याची अडचण असल्यामुळे प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरातल्या कार्डावर दाखवलाही. यादी पाच वेळा, दर वेळी लगेच आठवून सांगायची. वीस मिनिटांनी पुन्हा एकदा, न वाचता.

पहिल्या फेरीत ४ शब्द, पाचव्या फेरीत ८. वीस मिनिटांनी आपणहून ६. मग "यात भाज्या कोणत्या होत्या? भांडी कोणती?" अशी गटाची खूण दिली, तेव्हा ११. शेवटी ओळख: यादीतले आणि यादीबाहेरचे शब्द मिसळून विचारल्यावर १६ पैकी १५ बरोबर ओळखले, आणि यादीत नसलेला फक्त एक शब्द चुकून 'होता' म्हणाल्या.

६, ११, १५ हा चढ या प्रकरणाचा कणा आहे. शब्द आत गेलेले आहेत, टिकलेले आहेत, पण आपणहून बाहेर येत नाहीत. अल्झायमरच्या सुरुवातीच्या नमुन्यात सहसा उलट दिसतं: खूण देऊनही आकडा फारसा हलत नाही, न ऐकलेले शब्दही 'ऐकले' वाटतात, कारण आठवण मुळात साठलेलीच नसते.

पाचव्या फेरीचं उत्तर जसंच्या तसं पाहण्यासारखं आहे: मेथी, सायकल, परात, टोपी, रिक्षा, सुरण, ट्रक, गवार. आठ शब्दांत एकाही ठिकाणी एका गटाचे दोन शब्द लागोपाठ नाहीत. पाच वेळा यादी ऐकूनही 'यात भाज्या आहेत, वाहनं आहेत' ही मांडणी वापरली गेली नाही. नंतर विचारलं तर चारही गट त्यांनी लगेच सांगितले. म्हणजे गट समजण्याची क्षमता शाबूत होती, ती आपणहून कामाला लावणं होत नव्हतं. एकूण किती शब्द आले एवढाच आकडा लिहून घेणाऱ्या तपासणीत ही गोष्ट निसटते. म्हणून शब्द कोणत्या क्रमानं आले तेही लिहून घ्यावं, त्याला जास्तीचा वेळ लागत नाही.

चाचणीच्या मराठीकरणाबद्दल एक खबरदारी. इंग्रजी यादीचं शब्दशः भाषांतर केलं तर शब्दांचा सोपेपणा बदलतो आणि मूळ प्रमाण-आकडे लावता येत नाहीत. म्हणून इथे तुलना परक्या सरासरीशी न करता त्याच व्यक्तीच्या तीन आकड्यांमध्ये केली आहे: आपणहून, खुणेनं, ओळखीनं.

मेंदूत काय चाललं असावं

एमआरआयच्या अहवालात 'वयानुसार मेंदूची झीज' असं एक वाक्य होतं. ते वाक्य सत्तरीच्या बहुतेक अहवालांत असतं. त्यावरून घाबरूनही जाऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. मोजपट्टी लावून पाहिलं तर हिप्पोकॅम्पस या नवी आठवण बांधणाऱ्या भागाची झीज शेल्टेन्सच्या ० ते ४ या श्रेणीत दोन्ही बाजूंना १ होती. पंचाहत्तरीच्या आत साधारण २ पासून पुढे लक्ष द्यावं लागतं. व्हाइट मॅटरमधले, म्हणजे मेंदूतल्या जोडणाऱ्या तारांच्या भागातले, पांढरे ठिपके फझेकसच्या ० ते ३ या श्रेणीत १ आणि २ च्या मधले. हे ठिपके बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे असतात, आणि वर्षानुवर्षं चढा राहिलेला रक्तदाब हे त्याचं मोठं कारण. मेंदूचा पुढचा खंड खोलवरच्या चेतापेशींच्या पुंजक्यांशी आणि मागच्या भागांशी ज्या तारांनी जोडलेला असतो, त्याच तारा यात कमजोर होतात.

स्मृतीच्या कामाची वाटणी ढोबळमानानं अशी. हिप्पोकॅम्पस आणि शेजारचा एन्टोरायनल भाग नवी आठवण बांधतात. मेंदूचा पुढचा भाग, विशेषतः कपाळामागचा बाजूचा पृष्ठभाग, ती कशी बांधायची आणि नंतर कशी शोधायची हे ठरवतो: गट पाडणं, अर्थ जोडणं, शोधाची दिशा ठरवणं, सापडलेलं बरोबर आहे का ते तपासणं. वयाबरोबर मेंदू सगळीकडे सारखा आक्रसत नाही. पुढच्या खंडातला ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशींचा भाग, तुलनेनं लवकर आणि जास्त घटतो. हिप्पोकॅम्पसची घट साठीनंतर वेग घेते, वर्षाला साधारण १ ते २ टक्के. पाहण्याशी संबंधित मागचे भाग बरेच टिकून राहतात.

२०१४ मध्ये 'न्यूरोइमेज' या नियतकालिकात किर्चहॉफ, गॉर्डन आणि हेड यांचा अभ्यास आला. वाढत्या वयात गटवार आठवण्याची पद्धत कमी वापरली जाते, आणि वयाचा हा परिणाम काही अंशी पुढच्या खंडातल्या ग्रे मॅटरच्या आकारमानातून येतो, असं त्यात दिसलं. त्याआधी, २०१२ मध्ये, किर्चहॉफ यांच्याच गटानं दाखवलं होतं की वृद्धांना शब्दाचा अर्थ जोडून लक्षात ठेवण्याच्या पद्धती शिकवल्या तर आठवण सुधारते आणि शिकण्याच्या वेळची मेंदूची हालचालही बदलते. ही दोन निरीक्षणं शेजारी ठेवली की या प्रकरणातली दिशा स्पष्ट होते: पद्धत सुचण्याचं काम बाहेरून करून दिलं, तर ती पार पाडण्याची ताकद बऱ्याचदा शिल्लक असते.

तरी एका माणसाच्या एका स्कॅनवरून 'याचा पुढचा खंड लहान, म्हणून हा गट पाडत नाही' असं म्हणता येत नाही. असे संबंध अनेकांच्या सरासरीत दिसतात. इथे स्कॅनचा उपयोग दुसरं काही नाही ना हे पाहण्यापुरता होता. उपाय ठरला तो शब्दांच्या यादीवरून.

काय शिकवलं

आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, ७५ मिनिटांची. घरी रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बैठक सकाळी दहाला. बऱ्याच ज्येष्ठांचं लक्ष सकाळी चांगलं लागतं, दुपारी घेतलेल्या बैठकीत त्याच व्यक्तीची कामगिरी घसरते.

बाजाराची यादी. गट पाडायला शिकवलं, पण पुस्तकी गट नाहीत. त्यांच्या रोजच्या वाटेवर पहिल्यांदा भाजीवाली, मग किराणा, मग मेडिकल लागतं. म्हणून बारा वस्तू या तीन ठिकाणी वाटल्या आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा पाठ केला: चार, पाच, तीन. मेथी, कोथिंबीर, लिंबं, दुधी हे चार. निघण्यापूर्वी मोठ्यानं एकदा म्हणायचं, आणि प्रत्येक दुकानातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी पिशवीतल्या वस्तू मोजायच्या. तीनच झाल्या तर एक राहिली हे कळतं, आणि 'भाजीवालीकडची चौथी' हीच शोधायची खूण होते. दुकानाचं नाव पाठ करतानाही होतं आणि आठवतानाही समोर असतं, हा या मांडणीचा फायदा.

नावं. आडनाव 'सुतार' आणि धंदा सुतार यांत धंदा जास्त लक्षात राहतो, कारण त्याला रंधा, लाकूड, भुसा असं पुष्कळ काही चिकटलेलं असतं. नाव मात्र नुसतं लेबल असतं. मराठी नावांना बहुधा अर्थ असतो, तो वापरायचा. नव्या शेजारणीचं नाव प्राजक्ता: तिच्या गालावरचा तीळ आणि अंगणातला प्राजक्ताचा सडा यांची जोडी. पण जोडी लावून थांबलं की ती दुसऱ्या दिवशी विरते. तिला अंतर वाढवत आठवण्याची जोड दिली: ३० सेकंदांनी नाव विचारायचं, मग १ मिनिटानं, मग २, ४, ८, १६ मिनिटांनी, मधल्या वेळात दुसरं काम. चुकलं तर लगेच बरोबर नाव सांगायचं, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं आणि शेवटच्या यशस्वी अंतरावर परत यायचं. एका बैठकीत दोनच नावं. अंतर वाढवत आठवण्याचा फायदा लँडॉअर आणि बियोर्क यांनी १९७८ मध्ये दाखवला. पुढे ही पद्धत डिमेन्शिया असलेल्यांसाठीही वापरली गेली, कारण तिच्यात डोक्याला फारसा ताण पडत नाही.

गोळी. इथे आठवणीवर भिस्त ठेवणंच चूक. सात दिवसांची, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे असलेली डबी आणली. दर रविवारी सून आणि त्या मिळून भरतात. शिवाय 'अमुक झालं की तमुक करायचं' असं एक पक्कं वाक्य: "चहाचा कप ठेवला की डबी उघडायची." ते वाक्य तीनदा म्हणायचं आणि अर्धा मिनिट डोळे मिटून ते दृश्य पाहायचं, त्याच ओट्यासकट. 'सकाळी गोळी घ्यायची' असा संकल्प कमी पडतो. सकाळ ही लांबलचक असते, कप ठेवण्याचा क्षण एकच असतो.

दुसऱ्या खोलीत जाणं. खोली बदलली की मेंदू मागचा प्रसंग संपला असं धरतो, आणि त्यातला हेतू मागे पडतो. तरुणांतही हे होतं. उंबरठ्याआधी थांबून "कात्री" असं मोठ्यानं म्हणणं एवढंच शिकवलं.

घरातल्या वाटेवर चित्रं ठेवत जाण्याची प्राचीन 'जागांची पद्धत' मुद्दाम मुख्य उपाय म्हणून घेतली नाही. ती निरुपयोगी आहे म्हणून नव्हे: ओस्लोत एंगविग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आठ आठवडे ती शिकवल्यावर निरोगी ज्येष्ठांच्या मेंदूच्या पृष्ठभागाची जाडी काही ठिकाणी वाढलेली दिसली. पण बाल्टेस आणि क्लिगल यांच्या १९९२ च्या अभ्यासात ३८ बैठकांनंतरही ज्येष्ठ तरुणांच्या पातळीला पोचले नाहीत. २००३ मध्ये न्यूबर्ग आणि सहकाऱ्यांना आढळलं की ही पद्धत वापरताना तरुणांच्या मेंदूचा पुढचा भाग जसा कामाला लागतो तसा ज्येष्ठांचा लागत नाही. चित्र रचणं, जागा धरून ठेवणं आणि यादी ऐकणं हे सगळं एकाच वेळी पुढच्या खंडावर पडतं. इथे अडचण नेमकी तिथेच होती.

कुठे बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात बैठकीत बारापैकी अकरा वस्तू येत होत्या, आणि बाजारातून मात्र पूर्वीसारख्याच तीन. असं फार वेळा होतं, आणि त्याचं कारण पद्धत विसरणं हे नसतं. बैठकीत शिकवणारा समोर बसलेला असतो, तोच खूण असतो. घरी ती सुरू करून देणारं कुणी नसतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक यांनी १९८० च्या दशकात हाच मुद्दा मांडला: वय वाढतं तसं आपणहून सुरू करावं लागणारं मानसिक काम कठीण होतं, आणि भोवतालच्या आधारानं ती उणीव बरीच भरून निघते. मग कापडी पिशवीच्या बंदाला लाल दोरा बांधला. दोऱ्याला हात लागला की एकच प्रश्न: "किती दुकानं?" दोरा दिसण्यापासून प्रश्नापर्यंतचा दुवा बैठकीत वीस वेळा गिरवून घेतला, तोही पिशवी खुंटीवरून काढण्यापासून. पाचव्या आठवड्यापासून बाजारात फरक दिसू लागला. शिकवण्याचा अर्धा वेळ पद्धतीला आणि अर्धा ती सुरू कशी होईल याला द्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरी अडचण घरातलीच. मुलगा प्रेमानं "आठव ना आई, काय नाव सांगितलं होतं?" म्हणून ताणायचा. बाई अंदाजानं "पल्लवी" म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी पल्लवीच आधी ओठांवर यायचं. चुकीचा अंदाज उच्चारला की तोही शिकला जातो. मुलाला सांगितलं: पाच सेकंद थांबा, मग पहिलं अक्षर द्या, तरी नाही आलं तर नाव सांगून टाका. सुनेचा रोजचा प्रश्न "आई, गोळी घेतलीत का?" हाही बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून द्यावं लागतं आणि कालची सकाळ आजच्या सकाळीत मिसळते. आता ती म्हणते, "आई, डबी बघून सांगता का?"

आठ आठवड्यांनंतर

दुसरी यादी घेतली, तेवढीच कठीण पण शब्द वेगळे. तीच यादी परत दिली तर निव्वळ ओळखीमुळे आकडे वाढतात. पहिल्या फेरीत ५, पाचवीत ११, वीस मिनिटांनी आपणहून ९, खुणेनं १२, ओळखीनं १५. अकरा शब्दांत एका गटाचे शब्द पाच ठिकाणी लागोपाठ आले. आपणहून आणि खुणेनं यांतली दरी ५ वरून ३ वर आली. सुधारणा आहे ती या दरीत. साठवण पूर्वीइतकीच आहे. आकडे उलटे म्हणण्याच्या चाचणीत काहीच बदल नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता. 'मेंदू तल्लख करण्याचे' कार्यक्रम विकणारे जे एकूण स्मृती वाढण्याचं वचन देतात, त्याला आधार फार थोडा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' चाचणीत वेगवेगळ्या गटांना तर्क, वेग किंवा स्मृती यांपैकी एकाचं दहा बैठकांचं प्रशिक्षण दिलं गेलं. तर्क आणि वेग यांचा फायदा दहा वर्षांनीही मोजता आला, स्मृतिप्रशिक्षणाचा तेवढा टिकला नाही.

तीन महिन्यांनी: डबीमुळे दुबार गोळी एकदाही नाही. बाजाराची पद्धत चालू आहे. शिकवलेल्या दहा नावांपैकी आठ आहेत, पण नव्या माणसाच्या नावाला त्या स्वतःहून अर्थ जोडत नाहीत. सुनेनं सुचवलं तर जोडतात. वाचलेल्या बातमीतले मुद्दे लक्षात ठेवण्यासाठी प्रश्नांची एक पद्धतही दिली होती, ती पूर्ण सुटली. तिला सुरू करणारी कोणतीही वस्तू आपण दिली नव्हती.

चालणं चालू ठेवायला सांगितलं आहे, आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं. २०११ मध्ये एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १२० ज्येष्ठांच्या अभ्यासात वर्षभर असं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटात तो घटला. रक्तदाबाची नोंद आठवड्यातून दोनदा. श्रवणयंत्राची चाचणी अजून बाकी आहे, ती टाळू नये.

पुढची मोजणी बारा महिन्यांनी, तिसऱ्या यादीवर. तेव्हा आपणहून किती शब्द आले यापेक्षा दोन आकडे आधी पाहायचे: खूण देऊनही बेरीज घसरली का, आणि न ऐकलेले शब्द 'ऐकले' म्हणण्याचं प्रमाण वाढलं का. दोन्ही झालं तर मूळ निदान नव्यानं तपासावं लागेल आणि प्रशिक्षणाचा भर बाहेरच्या आधारांकडे न्यावा लागेल. दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर भांबावणं, बँकेच्या व्यवहारात चुका होणं, यांतलं काही दिसलं तर बारा महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, हे घरच्यांना लिहून दिलं आहे.